शरणपूर ते बागामोयो

आफ्रिकेच्या प्रवासास जाऊन आलेल्या मनुष्यास तिकडे काय पाहिलें असें विचारलें असतां त्याच्या उत्तराचे बहुधा तीन भाग पडतात. पहिला वनांतील पशूंचा, दुसरा जुन्या किल्ल्यांचा व राजवटींचा, आणि तिसरा समुद्रकिनाऱ्याचा. महाराष्ट्रांतून केनिया व टांझानिया या देशांस जाणारीं कुटुंबें अलीकडे पुष्कळ झालीं आहेत, व त्यांचा कार्यक्रमही बहुशः याच क्रमानें आखलेला असतो. त्सावोच्या अरण्यांत हत्ती पाहावयाचे, मोंबासास येऊन फोर्ट जीझस हा किल्ला पाहावयाचा, आणि शेवटचे दोन दिवस नारळीच्या छायेंत वाळूवर बसून काढावयाचे. तिन्ही गोष्टी पाहण्याजोग्या आहेत यांत शंका नाहीं. परंतु पशु, इतिहास आणि किनारा हीं तिन्ही ज्यांच्या एकाच प्रवासांत आलीं, आणि ज्यांनीं तो प्रवास हौसेनें नव्हे तर अनवाणी, तापानें फणफणत व शेवटीं खांद्यावर एक प्रेत घेऊन पुरा केला, असे कांहीं प्रवासी नाशिक शहरांतून गेले होते, ही गोष्ट खुद्द नाशिककरांसही फारशी ठाऊक नाहीं.

नाशकांतील शरणपूर रस्ता सर्वांच्या पायाखालचा आहे. त्या रस्त्यास ज्या वसाहतीचें नांव मिळालें ती चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं १८५४ च्या सुमारास वसविली. शरण आलेल्यांचें पूर म्हणून शरणपूर. आरंभीं ती वसाहत एतद्देशीय ख्रिस्ती कुटुंबांसाठीं होती. परंतु थोड्याच वर्षांत तेथें निराळ्याच प्रकारचे शरणार्थी येऊं लागले. ते काळे, कुरळ्या केसांचे, मराठीचा एक शब्दही न जाणणारे, आणि बहुतेक सर्व वयानें लहान होते.

हीं मुलें आलीं कोठून, हें समजण्यासाठीं त्या काळच्या समुद्राकडे पाहिलें पाहिजे. पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागांत, न्यासा सरोवराच्या आसपास, गांवांवर धाडी घालून माणसें धरावयाचीं, त्यांच्या मानेंत लांकडी बेडी अडकवून त्यांस किल्वा किंवा बागामोयो या बंदरांपर्यंत चालवीत आणावयाचें, तेथून गलबतांत कोंबून झांजीबारच्या बाजारांत न्यावयाचें, व पुढें अरबस्तान आणि इराणी आखात यांकडे विकावयाचें, असा हा व्यापार होता. कोंकणी मनुष्यास हबशी नवीन नव्हता. जंजिऱ्याच्या सिद्दींनीं शतकानुशतकें आपल्या डोळ्यांदेखत राज्य केलें, आणि निजामशाही सांवरणारा मलिक अंबर हाही गुलाम म्हणूनच या देशांत आला होता. मात्र एकोणिसाव्या शतकांत इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनीं या गलबतांचा पाठलाग सुरू केला, व पकडलेल्या गलबतांतून सोडविलेलीं मुलें मुंबईस उतरविलीं जाऊं लागलीं. त्यांचें पुढें करावयाचें काय? कांहींस शहरांतील कुटुंबांत ठेवण्यांत आलें, कांहीं मिशनांकडे सोंपविलीं गेलीं, आणि जीं नाशकास आलीं त्यांच्यासाठीं शरणपुरास आफ्रिकन आश्रम निघाला. तेथें त्यांस लिहिणें-वाचणें, सुतारकाम, लोहारकाम असे धंदे व ख्रिस्ती धर्म यांचें शिक्षण मिळे. त्यांस नांवेंही नवीं मिळालीं. कोणी सायमन प्राइस झाला, कोणी रिचर्ड आयझेनबर्ग. प्राइस व आयझेनबर्ग हीं आश्रम चालविणाऱ्या पाद्र्यांचीं नांवें होत. मुलाच्या आडनांवावरून त्याचें कुळ नव्हे, तर त्यास आसरा कोणीं दिला एवढेंच कळावें, यांतच त्याच्या आयुष्याची सारी कथा आली.

१८६४ च्या जून महिन्यांत मुंबई बंदरांत एक लहानशी आगबोट लागली. तिचें नांव लेडी न्यासा. झांजीबारहून अरबी समुद्र ओलांडून ती हांकीत आणणारा कप्तान म्हणजे सुप्रसिद्ध प्रवासी डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन हाच होता. खलाशांचें काम करणारीं माणसें झांबेझी नदीच्या कांठचीं होतीं. त्यांतील बहुतेकांनीं पूर्वीं समुद्र पाहिलाही नव्हता. त्यांपैकीं सूसी व आमोडा हे मुंबईच्या गोद्यांत कामास राहिले, आणि चुमा व वेकटानी या दोन मुलांस डॉक्टर जॉन विल्सन यांच्या शाळेंत घालण्यांत आलें. मुंबईकरांस विल्सन हें नांव त्यांच्या कॉलेजामुळें परिचित आहेच. लिव्हिंग्स्टन विलायतेस गेला व दुसऱ्या वर्षीं परत आला. नाईल नदीचा उगम शोधावयाचा व गुलामांच्या व्यापाराची हकीकत जगापुढें मांडावयाची, असे त्याचे दोन हेतु होते. माणसें गोळा करण्याच्या कामीं मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनीं त्यास साह्य केलें, व नाशकाच्या आश्रमांतील तरुण त्याच्याबरोबर जाण्यास पुढें आले. ज्या भूमींतून त्यांस गळ्यांत बेडी घालून काढलें होतें, त्याच भूमीकडे ते आतां स्वेच्छेनें निघाले.

१८६६ च्या मार्च महिन्यांत ही मंडळी रोवुमा नदीच्या उत्तरेस मिकिंडानी या ठिकाणीं उतरली. तिच्यांत मुंबईकडचे तेरा शिपाई होते, जोहाना बेटाचे दहा जण होते, नाशिकचे नऊ तरुण होते, आणि शिवाय सूसी, चुमा वगैरे. जनावरांचा लवाजमा तर विलक्षणच होता: सहा उंट, तीन रेडे व एक वासरूं, दोन खेचरें आणि चार गाढवें. हा प्रकार हौसेचा नव्हता. आफ्रिकेच्या त्या भागांत त्सेत्से नांवाची एक माशी असते. तिच्या दंशानें घोडे व गुरें झुरून झुरून मरतात, परंतु तेथील रानटी हरणें व रेडे यांस कांहीं होत नाहीं. हिंदुस्थानचा उंट व रेडा या माशीस पुरून उरला तर माणसाच्या डोक्यावरून ओझीं नेण्याची चाल बंद पडेल, व त्याबरोबर गुलामांचा एक उपयोगही संपेल, असा लिव्हिंग्स्टनचा तर्क होता. तर्क उदात्त होता. पण जनावरें कांहीं महिन्यांतच मेलीं. त्यांतील किती माशीनें मेलीं व किती शिपायांच्या निष्काळजीपणानें व मारानें मेलीं, याविषयीं खुद्द लिव्हिंग्स्टनच साशंक होता. या रोगाचें बीज रक्तांतील एक सूक्ष्म जंतु होय, हें डेव्हिड ब्रूस यानें १८९५ च्या सुमारास झुलुलँडांत दाखवून दिलें. आज प्रवासी ज्या अरण्यांत मोटारींतून सिंह पाहतात त्यांपैकीं कित्येक अरण्यें अरण्यें म्हणून राहिलीं याचें एक कारण ही क्षुद्र माशीच आहे. तिच्या धाकानें गुराखी तेथें वस्तीस गेला नाहीं.

शिपाई परत पाठविले गेले. जोहानाचे लोक पळून गेले, व आपली लाज राखण्यासाठीं लिव्हिंग्स्टन मारला गेला अशी खोटी बातमी त्यांनीं झांजीबारास पसरविली. नाशिकच्या मुलांविषयींही लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशींत आरंभीं कडक शब्द आहेत. तीं आळशी आहेत, तीं ओझीं दुसऱ्यावर लादतात, असा त्याचा आक्षेप होता. त्या आक्षेपांत तथ्य नसेल असें नाहीं. परंतु याच रोजनिशींत एक प्रसंग नमूद आहे, तो वाचला म्हणजे दोष देणाराची वाणी थबकते. वाटेवरील एका मुलुखांत अब्राहम नांवाच्या नाशिकच्या तरुणास त्याचा चुलता भेटला. इतक्या वर्षांनीं पुतण्या जिवंत सांपडला म्हणून चुलत्यानें त्यास राहण्याचा आग्रह केला. लिव्हिंग्स्टननेंही राहा म्हणून सांगितलें, व कांहीं काळ निर्वाह चालेल इतका माल देण्याची तयारी दाखविली. पण अब्राहमला धरून नेल्यानंतर त्याची आई व दोन बहिणी यांसही अरबांस विकून टाकलें होतें. जेथें आई नाहीं, बहिणी नाहींत, तेथें आपण राहावयाचें कशासाठीं, एवढेंच तो पुनःपुन्हा म्हणत राहिला. आणि पुढें चालूं लागला.

त्या नवांपैकीं कोणी वाटेंत मेले, कोणी सोडून गेले, व एडवर्ड गार्डनरसारखे थोडे शेवटपर्यंत टिकले. १८७२ सालीं लिव्हिंग्स्टनच्या शोधार्थ विलायतेहून एक मंडळी झांजीबारास आली. तिच्याकरितां नाशिकच्या आश्रमांतून आणखी सहा तरुण पाठविण्यांत आले होते. तोंपर्यंत स्टॅन्लेनें लिव्हिंग्स्टनला शोधून काढलें होतें. म्हणून या तरुणांस झांजीबारहून इतर हमालांबरोबर उन्यान्येंबे येथें त्याच्या चाकरीस धाडण्यांत आलें. जेकब वेनराइट व त्याचा भाऊ जॉन, कॅरस फॅरार, मॅथ्यू वेलिंग्टन हे त्या तुकडींतले. वेलिंग्टनचें मूळ नांव चेंग्विंबे. तो याओ जातीचा होता.

पुढें आठ महिन्यांनीं, १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं, बांग्वेउलू सरोवराच्या दक्षिणेस चितांबो नांवाच्या नाईकाच्या गांवीं लिव्हिंग्स्टन वारला. पावसानें व दलदलीनें सगळा मुलुख बुडाला होता. रात्रीं तो बिछान्याशेजारीं गुडघे टेकून बसलेला आढळला. सूसी व चुमा जवळ गेले तेव्हां शरीर थंड पडलें होतें.

आतां करावयाचें काय? त्या देशांत प्रेतास लोक फार भीत. परक्याचें प्रेत गांवावरून नेणें म्हणजे दंड, मारामारी, कदाचित् मृत्यूही. मालक मेला होता. आज्ञा देणारा कोणी उरला नव्हता. तेथेंच खळगा खणून मातींत ठेवलें असतें तर त्यांस दोष कोणीं दिला असता? त्यांनीं एकत्र बसून विचार केला, आणि ठरलें तें असें कीं, शव किनाऱ्यापर्यंत न्यावयाचें. फरजल्ला नांवाच्या मनुष्यानें शवाचें पोट उघडून आंतडीं व हृदय काढलें; नाशिकचा कॅरस त्याच्या हाताशीं होता. हृदय एका पेटींत घालून झाडाखालीं पुरलें, आणि जेकब वेनराइटनें इंग्रजी प्रार्थनापुस्तकांतील उत्तरक्रियेचा पाठ वाचला. शवांत मीठ भरून तें चौदा दिवस उन्हांत वाळविलें. मग झाडाची साल नळकांडीसारखी सोलून काढून तींत तें बसविलें, वरून शिडाचें कापड शिवलें व डांबर फांसलें. झाडाच्या बुंध्यावर जेकबनें अक्षरें कोरलीं. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूची तारीख सामान्यतः १ मे धरतात. जेकबनें ४ मे कोरली आहे. तें झाड पुढें तोडलें गेलें, परंतु अक्षरांचा तुकडा लंडनांत रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें जपून ठेवला. नाशकाच्या एका शाळेंत गिरवलेलीं तीं अक्षरें होत.

मग ती चाल सुरू झाली. साठ-सत्तर माणसें, हजार मैलांहून अधिक वाट. त्यांत बायकाही होत्या. लिव्हिंग्स्टनचा स्वयंपाक करणारी हलीमा ही आमोडाची बायको, व न्टाओएका ही चुमाची. या बायकांचीं नांवें मोठ्या इतिहासग्रंथांत क्वचितच येतात. निघाल्यावर थोड्याच दिवसांत सर्वांस तापानें घेरलें, व जवळजवळ महिनाभर त्यांस एके ठिकाणीं पडून राहावें लागलें. पुढें एका गांवकऱ्यांशीं चकमक झाली. लुआपुला नदी ओलांडल्यावर एके रात्रीं मुक्कामांत गोंधळ उडाला. धन्याचें ओझें शेवटच्या दिवसांत ज्यानें वाहिलें होतें तें गाढव सिंहानें मारलें होतें. जवळच भरून ठेवलेली बंदूक उडविली गेली, व सकाळीं सिंहाच्या वाटेवर रक्त दिसलें. आज बांग्वेउलूच्या त्या पाणथळींत काळवीटासारखीं लेचवे नांवाचीं हरणें व शूबिल हा विचित्र चोंचीचा पक्षी पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. त्या मंडळींस त्यांतून चिखल तुडवीत जावयाचें होतें.

ऑक्टोबरांत ते उन्यान्येंबे येथें पोंचले. तेथें लेफ्टनंट कॅमरन लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठींच निघून आलेला होता. त्यानें सांगितलें कीं, प्रेत येथेंच पुरा, पुढचा मुलुख धोक्याचा आहे. सल्ला देणारा गोरा अधिकारी, ऐकणारे काल-परवांचे गुलाम. त्यांनीं नम्रपणें नकार दिला. पुढें कासेकेरा येथें लोक खरोखरच वाट अडवूं लागले, तेव्हां त्यांनीं एक युक्ति केली. गवत व काड्या भरून प्रेतासारखी एक मोठी गांठोडी बांधली, व 'बरें, मागें उन्यान्येंबेस नेऊन पुरतों' असें भासवून कांहीं जणांनीं ती उलट दिशेनें नेली, आणि दूर रानांत तिची विल्हेवाट लावली. खरें शव कापडाच्या गठ्ठ्याप्रमाणें बांधून व्यापाऱ्याच्या मालांत मिसळून दिलें. गांवकऱ्यांस संशय आला नाहीं. आग्र्याच्या पेटाऱ्यांची आठवण महाराष्ट्रीय वाचकास येथें झाल्यावांचून राहणार नाहीं. याच भागांत लोसी नांवाची एक लहान मुलगी डोक्यावर पाण्याचें भांडें घेऊन चालली असतां तिला साप चावला, व घटकेच्या आंत ती गेली.

फेब्रुवारी १८७४ मध्यें ते बागामोयोस पोंचले. समोर हिंदी महासागर होता. ज्या किनाऱ्यावर त्यांच्यासारख्या हजारोंस गलबतांत चढविलें गेलें होतें, त्याच किनाऱ्यावर त्यांनीं तो गठ्ठा खालीं ठेवला. एक सरकारी जहाज आलें, शव झांजीबारास गेलें, आणि या मंडळींस पगार चुकता करून निरोप देण्यांत आला. विलायतेस न्यावयाचें कोणास, याचा विचारही अधिकाऱ्यांनीं केला नाहीं. जेकब वेनराइट तेवढा शवाबरोबर गेला. त्याच्या भाड्याचा भार मिशननें सोसला. लंडनांत सर विल्यम फर्ग्युसन यांनीं शवाची तपासणी केली. चेहरा ओळखण्याजोगा राहिला नव्हता. परंतु १८४४ सालीं माबोट्सा येथें सिंहानें चावून मोडलेलें डाव्या दंडाचें हाड जसें वांकडें जुळलें होतें तसेंच सांपडलें, आणि शव लिव्हिंग्स्टनचेंच ठरलें. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेंत दफन झालें, तेव्हां पेटीच्या बाजूस चालणाऱ्यांत शरणपूरचा जेकब होता. सूसी व चुमा पुढें एका स्नेह्याच्या खर्चानें विलायतेस गेले, पण तोंवर समारंभ उरकला होता. सोसायटीनें या सर्वांसाठीं रौप्यपदकें पाडलीं. माणसें मात्र तोंवर चहूंकडे पांगलीं होतीं.

इकडे सर बार्टल फ्रिअर यांनीं १८७३ सालीं झांजीबारास जाऊन सुलतानाशीं तहाची बोलणीं केलीं, व त्याच वर्षीं जून महिन्यांत तेथील गुलामांचा बाजार बंद झाला. यापुढें सोडविलेल्या गुलामांस मुंबईस आणण्यापेक्षां आफ्रिकेंतच वसवावें, असें फ्रिअर यांचें मत पडलें. शरणपूर वसविणारे प्राइस हेच मोंबासास गेले, आणि १८७५ सालीं खाडीपलीकडे जी वसाहत उभी राहिली तिला फ्रिअर टाऊन हें नांव मिळालें. नाशिक-मुंबईकडचे सुमारें दीडशें आफ्रिकन तेथें गेले. तिकडे त्यांस 'बाँबे आफ्रिकन' म्हणत. जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर हे तर १८६४ सालींच राबाई येथील मिशनांत दाखल झाले होते. शिक्षक, सुतार, दुभाषे, उपदेशक अशीं कामें हेच लोक करीत. परंतु त्यांचें घर कोणतें, हा प्रश्न सुटला नाहीं. हिंदुस्थानांत ते हबशी होते. आफ्रिकेंत ते बाँबेवाले झाले. शिकलेले म्हणून नव्या गोऱ्या पाद्र्यांस ते उद्दाम वाटत, व काम सारखें असून वेतन कमी म्हणून त्यांच्याही मनांत सल राही. या तक्रारींत न्याय त्यांच्या बाजूस होता, असेंच म्हणणें भाग आहे.

विल्यम जोन्स १८८५ सालीं बिशप हॅनिंग्टनबरोबर मसाई लोकांच्या मुलुखांतून युगांडाकडे निघाला. हॅनिंग्टन थोडीं माणसें घेऊन पुढें गेला व बुसोगांत मारला गेला. मागें राहिलेली मंडळी परत आणण्याचें काम जोन्सवर पडलें, आणि तें त्यानें १८८६ च्या फेब्रुवारींत पुरें केलें. राबाई येथें त्यानें पळून आलेल्या गुलामांस आसरा दिला. मालकांनीं तगादा लावला, तेव्हां मिशनचे वरिष्ठ अडचणींत पडले. कारण कायद्यानें तो माल दुसऱ्याचा होता. शेवटीं १८८९ च्या आरंभीं ब्रिटिश कंपनीच्या मॅकेंझीनें भरपाई देऊन शेंकडों लोकांस मुक्तपत्रें दिलीं. स्वतः एके काळीं विकला गेलेला जोन्स या माणसांस बाहेर काढण्यास राजी होईल, अशी अपेक्षा करणेंच चमत्कारिक होतें.

जेकब वेनराइट आफ्रिकेस परतला व १८९२ सालीं उरांबो येथें वारला. त्यानें त्या चालीची रोजनिशी लिहिली होती. तिचें जर्मन भाषांतर १८७४ सालींच छापलें गेलें, पण मूळ इंग्रजी हस्तलिखित जगापुढें येण्यास २०१९ साल उजाडावें लागलें.

मोंबासाचा फोर्ट जीझस पाहतांनाही मराठी मनुष्यास ओळखीची खूण पटते. पोर्तुगीजांनीं १५९३ सालीं तो बांधावयास घेतला, त्याचा आराखडा त्यांच्या हिंदुस्थानांतील इतालियन शिल्पी कैराती यानें केला, व कारभार गोव्याहून चाले. ओमानच्या अरबांनीं जवळजवळ तीन वर्षें वेढा घालून १६९८ सालीं तो घेतला. चिमाजी अप्पांनीं वसई घेतली ती त्यानंतर एकेचाळीस वर्षांनीं. त्सावोंतून येणारी आगगाडीची वाट १८९८ सालीं बांधली जात असतां दोन सिंहांनीं पंजाबी मजुरांस उचलून नेलें, ती कथा प्रत्येक वाटाड्या रंगवून सांगतो. ते सिंह पेंढा भरून शिकागोच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत. किल्ला पाहून न्यालीच्या पुळणीकडे जातांना पूल ओलांडल्यावर एका चौकांत दगडी कमानींत टांगलेली घंटा दिसते. गुलाम धरणारांचीं गलबतें दिसलीं कीं ती वाजवीत, असें सांगतात. त्या चौकास आजही केंगेलेनी, म्हणजे घंटेजवळ, असें म्हणतात. तेंच फ्रिअर टाऊन. याच वसाहतींत वाढलेल्या जेम्स म्बोटेला या मुक्त गुलामाच्या मुलानें गुलामांच्या स्वातंत्र्याची कथा स्वाहिलींत लिहून १९३४ सालीं प्रसिद्ध केली.

मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासासच राहिला. तेथें त्यानें अनेक वर्षें सरकारी बांधकाम खात्यांत नोकरी केली. चितांबोच्या गांवाहून निघालेल्या त्या मंडळींपैकीं शेवटचा हयात मनुष्य म्हणून म्हातारपणीं त्याच्याकडे लोक गोष्ट ऐकावयास येत. १९३५ सालीं तो वारला.